फिटची वही: मिरगीच्या नोंदी कशा ठेवायच्या आणि ओपीडीत कशा सांगायच्या

“कसं काय?” “बरं आहे.” “फिट?” “एक-दोनदा आली असेल.” मिरगीच्या ओपीडीत डोस वाढवायचा की आहे तोच ठेवायचा, हे पुष्कळदा एवढ्या बोलण्यावर ठरतं. साखर मोजता येते, बीपी मोजता येतं. फिट मात्र डॉक्टरांसमोर क्वचितच येते. नेहमीचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि तो नॉर्मल आला तरी मिरगी असू शकते. म्हणजे डॉक्टरांच्या हातात उरतं ते तुमचं सांगणं, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. फिट कमी मोजल्या जातात, गोळीचं नाव सांगितलं जातं पण मिलिग्रॅम नाही, आणि ‘तब्येत’ म्हणजे फक्त फिट असं धरलं जातं.

खालची पद्धत वही-पेनाची आहे. क्रम बदलू नका. पहिली दोन कामं झाल्याशिवाय पुढच्या नोंदी उपयोगी पडत नाहीत.

१. वही आणि तिचं पहिलं पान

शंभर पानी आखीव वही, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन आणि केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट ठेवायला प्लास्टिकचं फोल्डर, एवढंच लागतं. मोबाइलवरचं अ‍ॅप वापरत असाल तर जरूर वापरा. पण ज्याला फिट येते त्याच्याच कुलूपबंद फोनमध्ये नोंद असेल तर ऐन वेळी ती कोणालाच मिळत नाही. वही घरातल्या सगळ्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा.

पहिल्या पानावर नाव, वय आणि वजन लिहा. मुलांचं वजन प्रत्येक भेटीला नव्याने, कारण त्यांचा डोस वजनावर ठरतो. त्याखाली पहिली फिट कधी आली, आधी डोक्याला मार लागला होता का, लहानपणी तापात झटके आले होते का, घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का. मग आजवर बंद केलेली औषधं आणि ती का बंद केली: फिट थांबल्या नाहीत म्हणून, अंगावर पुरळ आलं म्हणून, की परवडलं नाही म्हणून. ही तीन कारणं वेगळी आहेत. ‘ते औषध लागू पडलं नाही’ या एका वाक्यात ती मिसळली, तर एक चांगलं औषध कायमचं बाद होतं.

आता चालू औषधं. प्रत्येकासमोर मूळ औषधाचं नाव, कंपनीचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ. ‘लाल गोळी सकाळ-संध्याकाळ’ चालणार नाही. लेव्हेटिरॅसिटाम २५०, ५००, ७५० आणि १०००च्या गोळ्यांत मिळतं, व्हॅल्प्रोएट २००, ३०० आणि ५००मध्ये. गोळ्या तितक्याच राहून डोस दुप्पट होऊ शकतो. औषध पातळ असेल तर ‘५ मिली’ पुरेसं नाही, बाटलीवरचे ‘दर मिलीत इतके मिलिग्रॅम’ हे आकडेही उतरवून घ्या. मोजायला बाटलीसोबत येणारं माप किंवा सिरिंज वापरा, घरातला चमचा नको. फेनिटॉइनचं पातळ औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता दिली तर सुरुवातीचे दिवस डोस कमी पडतो आणि बाटली संपत आली की जास्त जातो.

*तपासा:* रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या अनोळखी डॉक्टरला, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, या पानावरून पूर्ण डोस कळतो का?

२. आपल्या घरच्या फिटना अक्षरं द्या

एकाच माणसाला दोन-तीन तऱ्हेच्या फिट येऊ शकतात. लोक मोठी मोजतात, बारक्या सोडून देतात. म्हणून दुसऱ्या पानावर आधी वर्णनं लिहा आणि प्रत्येकाला अक्षर द्या. उदाहरणार्थ:

अ – पूर्ण अंग ताठ होऊन मग हातपाय झाडणं, दातखिळी, तोंडाला फेस.
ब – बोलता बोलता एकटक बघत राहणं, ओठ चाटणं, चघळल्यासारखं तोंड हलवणं, कपडे चाचपणं. हाक मारली तर उत्तर नाही.
क – शुद्ध असते, पण एका हाताला झटके येतात, किंवा पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं.
ड – सकाळी उठल्या उठल्या खांदे-हात दचकल्यासारखे उडणं.

‘ड’बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण हे कोणी सांगतच नाही. सकाळी चहाचा कप हातातून उडतो, दात घासताना ब्रश पडतो, आणि घरचे म्हणतात, वेंधळा आहे. वयात येताना सुरू होणाऱ्या एका मिरगीची ही खूण असते. या मिरगीत कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांनी हिसके उलट वाढू शकतात. सकाळच्या हिसक्यांचं एक वाक्य सांगितलं तर औषधाची निवडच बदलते.

झोपेतल्या फिटना पाचवं अक्षर द्या. त्या कोणी पाहिलेल्या नसतात, पण खुणा राहतात: चावलेली जीभ, उशीवर रक्ताचा डाग, ओलं अंथरूण, सकाळी अंग ठेचल्यासारखं दुखणं. खूण दिसली तर ‘संशयित’ असं लिहून नोंद करा.

*सावधान:* ही अक्षरं निदान नाहीत. ओपीडीत ‘मला ब येते’ असं सांगू नका, वर्णन वाचून दाखवा.

३. फिट आली त्या क्षणी: आधी माणूस, मग घड्याळ, मग फोन

पहिल्यांदा आजूबाजूच्या टोकदार वस्तू, शेगडी, स्टोव्ह दूर करा. डोक्याखाली मऊ काहीतरी घाला, कॉलर सैल करा आणि शक्य होताच कुशीवर वळवा. दातांत चमचा, कापड, बोट काहीही घालायचं नाही. पाणी पाजायचं नाही. झटके दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, हातात लोखंडी किल्ली यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून किल्लीला श्रेय मिळतं.

लगेच घड्याळ पाहा आणि वेळ मोठ्याने बोला, म्हणजे नंतर कोणाला तरी आठवते.

दुसरा माणूस असेल तर त्याने व्हिडिओ घ्यावा. फोन आडवा धरा, पांघरूण बाजूला करा, चेहरा आणि चारही हातपाय दिसू द्या. चित्रण चालू असताना नावाने हाक मारा, ‘हात वर कर’ म्हणा. प्रतिसाद आला की नाही ते त्यात उतरतं. डोकं आणि डोळे कोणत्या बाजूला वळले, कोणता हात आधी ताठ झाला, डोळे उघडे होते की मिटलेले, हे डॉक्टर त्यात शोधतात. मिरगीच्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात. पूर्ण वेळ घट्ट मिटलेले असतील तर दुसऱ्या कारणाचाही विचार होतो. तुम्ही एकटेच असाल तर व्हिडिओ विसरा.

सगळ्यात मोठी चूक वेळेत होते. ‘अर्धा तास फिट होती’ असं घरचे सांगतात, तेव्हा पुष्कळदा झटके दोन मिनिटं आणि नंतरची गुंगी अठ्ठावीस मिनिटं असते. दोन्ही वेळा वेगळ्या लिहा. अर्धा तास खरोखर झटके असतील तर तो जिवावरचा प्रसंग आहे. दोन मिनिटांचे असून अर्धा तास सांगितले, तर त्याच माणसाला उगाच जास्त औषध मिळेल.

*ताबडतोब रुग्णालयात, १०८ला फोन:* झटके ५ मिनिटांपेक्षा जास्त चालले. शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली. आयुष्यातली पहिलीच फिट आहे. बाई गरोदर आहे. पाण्यात फिट आली. डोक्याला मार लागला. श्वास नीट येत नाही. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर किती मिनिटांनी आणि किती फवारे, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं. फवारे वजनावर ठरतात. शेजाऱ्याच्या मुलाचा आकडा वापरू नका.

४. त्याच रात्रीची नोंद

एका फिटला एक ओळ: तारीख, वेळ, अक्षर, झटके किती वेळ, त्यानंतर किती वेळाने नीट बोलला, दुखापत, आदल्या २४ तासांत काय वेगळं झालं, आणि कोणी पाहिलं. ओळ अशी दिसते:

‘१४ तारीख, पहाटे ५:१०. अ. झटके दीड मिनिट. पाऊण तासाने नाव सांगितलं. उजवा हात तासभर ढिला. जीभ डावीकडे चावली. रात्री साडेबाराला झोपला, रात्रीची गोळी चुकली. पाहिलं: आई.’

फिट न आलेल्या दिवशी ० लिहा. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. ‘नोंद केली नाही’ असाच तिचा अर्थ होतो. एका दिवशी पाच फिट आल्या आणि मग तीन आठवडे काहीच नाही, तर ‘महिन्यात पाच’ असं न लिहिता ‘एका दिवशी पाच’ लिहा. त्यांवरचा उपाय वेगळा असतो.

लिहिणारे दोन हवेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका पाहणीत, व्हिडिओ-ईईजी (सतत चालणारा ईईजी आणि सोबत चित्रण) लावलेल्या ९१ रुग्णांच्या ५८२ फिट आणि रुग्णांनी स्वतः केलेल्या नोंदी ताडून पाहिल्या. ५५.५ टक्के फिट रुग्णांच्या नोंदीत नव्हत्या. झोपेतल्या तर ८५ टक्क्यांहून अधिक निसटल्या होत्या. रोज आठवण करून देऊनही फरक पडला नाही. हा आळस नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाला आपली शुद्ध हरपल्याचं कळत नाही. तेव्हा ‘तुझी वही तू लिही’ असं रुग्णावर सोपवून मोकळं होऊ नका.

दुसरी नेहमीची चूक: ओपीडीच्या आदल्या रात्री बसून एकाच पेनाने महिनाभराच्या ओळी भरणं. डॉक्टरांना ते कळतं. राहिलेले दिवस रिकामे सोडा, तेच खरं आहे.

कारणांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. जागरण, ताप, दारू, पाळी, चुकलेली गोळी हे लिहा. पण ‘वांगं खाल्लं म्हणून आली’ असं एका प्रसंगावरून ठरवून रुग्णाच्या ताटातले पदार्थ कमी करू नका. पाळीची तारीख मात्र न चुकता लिहा. तीन महिन्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की काही जणींच्या फिट पाळीच्या आसपास जमलेल्या दिसतात.

५. गोळ्यांचा हिशोब

‘गोळ्या नियमित घेतो’ हे कोणीही म्हणतो. त्यापेक्षा मोजा. १ तारखेला घरात जुन्या-नव्या मिळून ६० गोळ्या होत्या, दिवसाला २. २८ दिवसांनी ५६ संपून ४ उरायला हव्यात. ११ उरल्या तर ७ चुकल्या, म्हणजे आठातली एक. ४पेक्षा कमी उरल्या तर कोणीतरी दुबार देत आहे. हा आकडा कोणाला रागवायला काढलेला नाही, आणि घरात तो तसा वापरला तर पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या कचऱ्यात जातील.

गोळ्या कुठे चुकतात तेही लिहा. एकादशी, नवरात्र, रोजे: उपास म्हणून सकाळची गोळी राहते. प्रवास, रात्रपाळी, गणपतीतली जागरणं. महिनाअखेरीला पैसे नसणं, सरकारी दवाखान्यात साठा संपणं. लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून लपवून घेणं हेही कारण आहे, आणि ते फार गोळ्या चुकवतं. (मिरगीच्या आधारे विवाह रद्द ठरवण्याची तरतूद १९९९च्या दुरुस्तीने कायद्यातून काढली आहे, हे सासर-माहेर दोन्हीकडे सांगण्यासारखं आहे.)

मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर तारीख लिहा आणि स्ट्रिपचा तुकडा वहीत चिकटवा. फेनिटॉइनमध्ये याला विशेष महत्त्व आहे, कारण डोसमधल्या छोट्या फरकाने रक्तातली पातळी एकदम वर-खाली होऊ शकते. बाकीच्या औषधांचीही नोंद ठेवा: टीबीचं रिफाम्पिसिन मिरगीच्या काही औषधांची पातळी उतरवतं, आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची चढवतं, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी फिटला वाट करून देऊ शकते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. वैदूच्या बिनलेबलच्या पुड्या घेत असाल तर लपवू नका, एक पुडी घेऊन जा.

*सावधान:* गोळी चुकल्यावर काय करायचं हे प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या वेळी दोन डोस एकदम घेऊ नका. आणि कुठलंही औषध स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. न थांबणारी फिट ओढवून घेण्याचा तो हमखास मार्ग आहे.

६. फिट सोडून बाकीची तब्येत

महिन्यातून एकदा, एक पान. हे रुग्णाने एकट्याने भरायचं. लिहिता येत नसेल तर सांगेल तसं उतरवा. ‘नाही गं, तू तर बरी असतेस’ असं मध्ये बोलणाऱ्याला बाहेर बसवा.

झोपाळूपणा, चक्कर किंवा तोल जाणं, विसरणं, शब्द न आठवणं, चिडचिड, उदासी, फिट येईल ही भीती, आणि काम-शाळा-घराबाहेर पडणं. प्रत्येकाला ० ते १०. ० म्हणजे अजिबात त्रास नाही, १० म्हणजे त्यामुळे दिवस वाया गेला. काळ ठरलेला ठेवा: मनाच्या प्रश्नांसाठी गेले २ आठवडे, बाकीच्यांसाठी गेले ४ आठवडे. दर वेळी वेगळा काळ धरला तर मागच्या महिन्याशी तुलनाच होत नाही.

रुग्णालयात किंवा अभ्यासासाठी छापील प्रश्नावली दिली जाते, तेव्हाही हेच विचारतात. ‘क्वोली-३१’मध्ये ३१ प्रश्न असतात आणि फिटची धास्ती, थकवा, स्मरण, औषधांचा त्रास, लोकांत वावर यांवरून ० ते १०० गुण निघतात. इथे गुण जास्त म्हणजे आयुष्य बरं, म्हणजे आपल्या वहीच्या उलट. ‘एनडीडीआय-ई’ सहाच प्रश्नांची आहे. १५च्या वर गुण गेले तर नैराश्यासाठी नीट तपासणी करतात. प्रत्येक प्रश्नाआधी ‘गेल्या किती दिवसांत’ ते वाचा. ‘गेल्या वर्षात’ समजून उत्तरं दिली की सगळे गुण चुकतात.

काही त्रास विशिष्ट औषधांशी जोडलेले आहेत, म्हणून ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देऊ नका. लेव्हेटिरॅसिटामने राग आणि चिडचिड, फेनिटॉइनने हिरड्या सुजणं आणि तोल जाणं, व्हॅल्प्रोएटने वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं, टोपिरामेटने शब्द न सुचणं आणि भूक मंदावणं.

*थांबू नका:* नवीन औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटतो असं रुग्ण म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

७. दवाखान्याच्या फेऱ्यांचा हिशोब

वहीच्या मागच्या बाजूने सुरू करा. रकाने: तारीख, ठिकाण, ओपीडी की कॅज्युअल्टी की भरती, कारण, काय केलं, बिल, प्रवासखर्च, किती जणांची मजुरी बुडाली.

मोजताना दोन नियम पाळा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच दिवशी सिव्हिलला पाठवलं तर तो प्रसंग एक, ठिकाणं दोन. आणि भरती म्हणजे रात्र काढली ती. चार तास सलाइन लावून सोडलं तर ती कॅज्युअल्टीच. मागचं आठवून लिहायचं असेल तर १२ महिन्यांतल्या भरत्या आणि ३ महिन्यांतल्या ओपीडी एवढंच लिहा, आणि ते दिवाळी, होळी, पेरणी यांच्या आधारे. मोठा प्रसंग नेहमी ‘आत्ताच झाला’ असं वाटतं आणि दोन वर्षांपूर्वीची भरती या वर्षात येऊन बसते. डिस्चार्ज कार्डावरची तारीख बघितल्याशिवाय लिहू नका.

याचा उपयोग असा: वर्षात चारदा कॅज्युअल्टी, चारही वेळा पोचेपर्यंत फिट थांबलेली, हे एका पानावर दिसलं की डॉक्टर तपासण्या वाढवण्याऐवजी घरच्यांसाठी लेखी सूचना आणि गरज असल्यास स्प्रे देतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे भरतीच्या वेळीच, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बिल भरून झाल्यावर नाही.

८. ओपीडीची आदली संध्याकाळ

एका कोऱ्या पानावर पाच ओळी काढा: मागच्या भेटीपासून अक्षरनिहाय फिट; शेवटची फिट कधी; किती गोळ्या चुकल्या; ५ किंवा वर गुण असलेले त्रास; कॅज्युअल्टी आणि भरती. खाली जास्तीत जास्त तीन प्रश्न. डॉक्टरांसमोर वही ठेवू नका, हे पान ठेवा. वही मागितली तर द्या.

सोबत स्ट्रिपा, फोनमध्ये शोधून ठेवलेला व्हिडिओ, एमआरआयची फिल्म किंवा सीडी (नुसता रिपोर्ट नव्हे), आणि फिट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस. त्याला सुट्टी मिळत नसेल तर निदान फोनवर हजर राहू द्या. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. औषधाच्या पातळीसाठी रक्त काढायचं असेल तर गोळीआधी की नंतर, हे आधी विचारून ठेवा. ईईजी असेल तर केस धुऊन जा, तेल लावू नका, आणि सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका.

मूल हवं असेल, किंवा होण्याची शक्यता असेल, तर ते पहिल्या प्रश्नात विचारा. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला व्यंग येण्याचा आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका आहे. औषध बदलायचं तर ते दिवस राहण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फॉलिक अ‍ॅसिडही त्याच भेटीत विचारा. मुलीशी हे बोलताना नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचा तिला हक्क आहे.

*दारातून बाहेर पडण्याआधी तपासा:* नवा डोस मिलिग्रॅममध्ये तुम्ही परत म्हणून दाखवलात का? डोस टप्प्याटप्प्याने बदलायचा असेल तर कोणत्या तारखेपासून किती, हे लिहून मिळालं का? पुढच्या तारखेपर्यंतच्या आणि वर ७ दिवसांच्या गोळ्या हातात आहेत का?

घरी पोचल्यावर पहिल्या पानावरचा जुना डोस एका रेषेने कापा, खोडू नका. शेजारी नवा डोस आणि आजची तारीख घाला. जुन्या डोसच्या उरलेल्या स्ट्रिपा त्याच दिवशी डब्यातून काढून वेगळ्या ठेवा.